पोथी घरातून ग्रंथालयात येते तेव्हा: छोट्या संस्थेने हस्तलिखितं कशी जमवावीत

वाड्याचा करार झालेला असतो, महिन्याभरात जागा रिकामी करायची असते आणि माळ्यावरच्या लाकडी पेटीतून लाल कापडात बांधलेली सात-आठ बासनं निघतात. घरातल्या कुणालाच ती वाचता येत नाहीत. टाकून द्यायला हात धजत नाही, न्यायला नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही. मग कुणी सुचवतं, नदीत सोडा. कुणी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा नंबर देतं. आणि क्वचित कुणाला गावातलं वाचनालय आठवतं.

हा लेख त्या वाचनालयातल्या माणसासाठी आहे. जिल्ह्याच्या गावचं जुनं सार्वजनिक वाचनालय, एखादं महाविद्यालय, एखादा मठ, जिथे पोथ्या कुणीतरी आणून देतं पण घ्यायच्या कशा हे कुणी शिकवलेलं नसतं. मी अशाच एका वाचनालयाच्या पोथी विभागात बरीच वर्षं हातभार लावतो आहे. चुका भरपूर केल्या, त्यांतल्या काही पुढे येतीलच.

आधी मोठ्यांनी कसं केलं ते पाहू

आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जो सरकारी हस्तलिखितसंग्रह आहे, त्याची सुरुवात १८६६ साली झाली. मुंबई सरकारने पैसे दिले आणि ब्यूलर, कीलहॉर्न हे जर्मन संस्कृतपंडित, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी माणसं पोथ्या शोधायला बाहेर पडली. ब्यूलर १८७५ मध्ये काश्मीरपर्यंत गेले आणि भूर्जपत्रांवरच्या पोथ्या घेऊन आले. हा संग्रह आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होता, मग डेक्कन कॉलेजात, आणि १९१७ साली भांडारकर संस्था स्थापन झाल्यावर तिच्याकडे आला. हा सरकारी खरेदीचा मार्ग.

दुसरा मार्ग पायपिटीचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, दप्तरं उलगडत बसले, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव रामदासी मठामठांतून बाडं, म्हणजे हाताने लिहिलेल्या शिवलेल्या वह्या, गोळा करत राहिले. त्यातून समर्थ वाग्देवता मंदिराचा संग्रह झाला.

तिसरा राजाश्रयाचा. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे काशीयात्रेला गेले तेव्हा त्यांनी तिथे हजारो पोथ्या जमवल्या. शिवाय पंडित नेमून नकला करून घेतल्या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आज जे आहे त्यातलं बरंच त्या यात्रेचं पुण्य.

तुमच्याकडे ब्यूलरची तिजोरी नाही, सरफोजींचं राज्य नाही. राहिले राजवाडे आणि देव. पण आजच्या माणसाने त्यांच्याहून एक गोष्ट जास्त काळजीने करायला हवी, आणि माझं या लेखातलं मुख्य म्हणणं तेच आहे: पोथीबरोबर तिची हकीकत जमवा. कुठल्या घरातली, त्या घरात कुठून आली, कुणी वाचायचं, कशाशेजारी ठेवलेली होती. हकीकत गेली की पोथीची निम्मी किंमत गेली.

एकच उदाहरण देतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ताडपत्री पोथी १९०५ च्या सुमारास म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आली, आर. शामशास्त्रींनी ती ओळखली आणि १९०९ मध्ये ग्रंथ छापला. जगभर खळबळ झाली. ती पोथी दिली कुणी? तंजावर भागातल्या एका पंडिताने. बस, एवढंच. कुठल्या घराण्याकडे अर्थशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं, शेजारी आणखी काय होतं, हे विचारायला आता जागाच नाही.

पहिली पायरी: काय घ्यायचं नाही ते ठरवा

एक पान पुरे. कार्यकारिणीत ठराव करून ठेवा: आमचा जिल्हा किंवा तालुका, मराठी-संस्कृत-फारसी-दखनी यांपैकी काय, फक्त पोथ्या की मोडी कागदही, मूळ हस्तलिखितंच की छायाप्रतीही. हे लिहिलेलं नसलं की पहिल्याच वर्षी छापील शिवलीलामृताच्या चाळीस प्रती, कुणाच्या आजोबांच्या डायऱ्या आणि एक घोड्याचं खोगीर एवढं दालनात जमा होतं. खोगीर आमच्याकडे अजून आहे.

ठरावात एक कलम आवर्जून घाला: जे आम्हाला सांभाळता येणार नाही ते आम्ही स्वीकारणार नाही, योग्य संस्थेचं नाव सुचवू. ताडपत्र, सोन्याची शाई, चित्रं असलेली पोथी छोट्या वाचनालयाच्या लाकडी कपाटात ठेवणं म्हणजे जोखीम. तिच्यासाठी मालकाला मोठ्या संस्थेपर्यंत घेऊन जाणं हीसुद्धा सेवाच आहे.

दुसरी पायरी: घरी जा, पण मागू नका

पोथ्या असतात कुठे? क्षेत्राच्या गावी उपाध्यांकडे, वैद्यांच्या घरी, जोशांकडे, कीर्तनकारांच्या आणि वारकरी फडांच्या परंपरेत, महानुभाव आश्रमांत, जैन भांडारांत, दर्ग्यांच्या मुजावरांकडे. आणि जिथे कुणाला अपेक्षा नसते तिथेही. गुरवाच्या घरी पत्र्याच्या डब्यात मला वैद्यकाचं बाड मिळालं आहे.

पहिल्या भेटीत फक्त बघायला मागा. लोकांना दोन भीती असतात. एक, सरकार जप्त करेल. दुसरी, हे लोक नेतील आणि परत दिसणार नाही. दुसरी भीती खोटी नाही. गेल्या शंभर वर्षांत कितीतरी घरांतून "अभ्यासाला" नेलेल्या पोथ्या परतल्या नाहीत, आणि ती आठवण घराघरांत ताजी आहे. त्यामुळे "आमच्या आजोबांकडून एकाने नेली होती" हे ऐकायची तयारी ठेवा आणि वाद घालू नका.

पोथी रोजच्या पूजेत असेल तर ती मागायचीच नाही. सोवळ्याचा नियम असेल तो पाळा, हात-पाय धुऊन बसा, त्यांना पानं उलटू द्या, तुम्ही फोटो घ्या. घरातल्या वयस्कर बाईंशी स्वतंत्र बोला. पोथी कुणाच्या हातची, कुठल्या सणाला निघायची, कुठल्या आत्याच्या सासरहून आली हे बहुधा त्यांनाच माहीत असतं. पुरुष मंडळी "फार जुनी आहे, चारशे वर्षांची" एवढंच सांगतात.

महानुभावांच्या पोथ्यांबाबत जास्त सबुरी लागते. लीळाचरित्रासारखे ग्रंथ या पंथाने सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकं आपल्यातच ठेवले. लिपीची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागली. त्यांच्यासाठी ती धर्मवस्तू आहे. महंतांनी छायाप्रत घेऊ दिली तर तेवढ्यावर समाधान माना.

तिसरी पायरी: हात लावायच्या आधी

पेटी उघडली की आधी फोटो. आहे तशा ढिगाचा, वरून, बाजूने. मग प्रत्येक बासनाचा, गाठ न सोडता. कारण कुठल्या पोथीखाली कुठली होती, कुठलं सुटं पान कुठल्या रुमालात होतं, ही माहिती एकदा ढीग हलवला की संपली.

मी पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं. एका घरातली तीन बासनं मोठ्या उत्साहाने त्यांच्या ओसरीवरच सोडली, पानं झटकली, "व्यवस्थित" लावली. सुटी पानं एका वेगळ्या पिशवीत घातली. त्या पिशवीतली पानं कुठल्या पोथीची, हे जुळवायला पुढे दोन उन्हाळे गेले. अकरा पानं अजून निराधार आहेत.

पिशवीत काय असावं: धुतलेल्या मांजरपाटाचे तुकडे, सुती नाडी, पेन्सिली, कागदी चिठ्ठ्या, फूटपट्टी, मऊ रुंद ब्रश, मास्क. पेन घरीच ठेवा. शाईचा एक ठिपका पडला की तो तुमच्या नावाने तिथे कायमचा राहतो.

पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती आजच सोडा. पोथीचं नुकसान होतंच, पण कारण तेवढंच नाही. जुने लेखक, म्हणजे पोथीची नक्कल करणारे, चुकलेली अक्षरं खोडण्यासाठी हरताळ लावत. पोथीत जागोजागी पिवळे पट्टे दिसतात ते हेच. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. लाल अक्षरांत हिंगूळ असला तर त्यात पारा. "हरताळ फासणे" हा वाक्प्रचार इथूनच आला, आणि तो जिभेला फासून घ्यायचा नाही.

चौथी पायरी: खरंच हस्तलिखित आहे का, आणि किती जुनं

इथे थोडा वेळ काढू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

पहिली फसगत शिळाछापाची. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर आडव्या पोथ्या सर्रास छापल्या जात. अक्षर हाताचंच, कारण दगडावर ते हातानेच उतरलेलं असे. घरचे शपथेवर सांगतात की पणजोबांनी लिहिली. ओळखायचं कसं? बोरूच्या अक्षरात शाई कुठे दाट, कुठे फिकी पडते, बोरू पुन्हा बुडवला की पुढचा शब्द काळाभोर दिसतो. शिळाछापात शाई सगळीकडे सारखी असते. हस्तलिखितात ओळी सरळ याव्यात म्हणून दोरे ताणलेल्या पाटीवर कागद दाबत, त्याचे वळ तिरप्या उजेडात दिसतात. हरताळाचे पट्टे, समासात मागाहून घातलेली अक्षरं, लेखकाची डुलकी लागून दोनदा लिहिलेली ओळ, या सगळ्या हस्तलिखिताच्या खुणा. आणि शेवटचं पान आधी बघा. छापखान्याचं नाव असेल तर चहा पिऊन, आभार मानून उठा. शिळाछापाच्या पोथ्याही जपण्यासारख्या असतात, पण त्यांचा विभाग वेगळा.

दुसरी फसगत शकाची. "आमची ज्ञानेश्वरी बाराशे नव्वद सालची आहे, आत लिहिलंय." लिहिलेलं असतंच:

शके बाराशते बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. पण हा शक ग्रंथ रचल्याचा. गेल्या आठवड्यात नक्कल केली तरी ही ओवी तशीच येणार. मग त्याच पोथीत एकनाथांच्या शुद्धीकरणाच्या ओव्या शोधा: "श्रीशके पंधराशें साहोत्तरीं, तारणनामसंवत्सरीं". म्हणजे शके १५०६, इसवी सन १५८४. या ओव्या असतील तर पोथी त्यानंतरचीच. नसतील तर लगेच उड्या मारू नका, नक्कल करणाऱ्याने गाळल्याही असतील. पण ती पोथी जाणकाराला दाखवायलाच हवी.

खरा लेखनकाळ असतो पुष्पिकेत, म्हणजे अगदी शेवटी "इति श्री..." नंतर जिथे लेखक स्वतःबद्दल बोलतो: अमुक शके, अमुक संवत्सर, मास, तिथी, वार, अमुक ग्रामी, अमुकाने, स्वार्थ परोपकारार्थ लिहिलं. ही पुष्पिका आहे तशी, अशुद्धासकट उतरवून घ्या. मात्र एक शंका मनात ठेवा: कधी कधी नक्कल करणारा आपल्यासमोरच्या पोथीची पुष्पिकाही उतरवून मोकळा होतो. शक सोळाव्या शतकाचा आणि कागदात विलायती जलचिन्ह (उजेडासमोर धरल्यावर दिसणारी कागद बनवणाऱ्याची खूण) दिसलं, तर कागदावर विश्वास ठेवायचा.

शकाची तपासणी घरच्या घरी करता येते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष ते फाल्गुन यांमध्ये कधी कधी ७९. विक्रम संवत असेल तर साधारण ५७ वजा. आणि संवत्सराचं नाव दिलं असेल तर शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी राहील तो साठ संवत्सरांच्या चक्रातला, पहिल्या प्रभवापासूनचा क्रमांक. शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर: १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, साठाने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. नाथांचा तारण तपासा, १५०६ अधिक १२, बाकी १८, अठरावा तारण. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. जुळलं नाही तर आकडा चुकीचा वाचला असण्याची शक्यता मोठी. जुन्या अक्षरात १ आणि ९, ५ आणि ६ यांचा घोळ नेहमीचा. पोथी काशीला लिहिलेली असेल तर मात्र हा हिशेब लावू नका, उत्तरेतला संवत्सरांचा क्रम आपल्याशी जुळत नाही.

शक नसेल तर? "अंदाजे अठरावं शतक" लिहायलाही आधार लागतो. आधार नसेल तर "काळ दिलेला नाही" असं लिहा आणि पुढे चला. यात कमीपणा काही नाही.

पाचवी पायरी: कागदपत्र

पोथी हातात घेण्याआधी दानपत्र. साधा कागद चालेल, पण त्यात या गोष्टी हव्यात: देणारा मालक आहे का, एकत्र कुटुंब असेल तर बाकी हिस्सेदारांच्या सह्या आहेत का (मुलींच्याही, त्या राहून जातात आणि दहा वर्षांनी एखादी भाची विचारत येते), दान कायमचं आहे की ठेव म्हणून, छायाप्रत काढायला आणि ती लोकांना दाखवायला परवानगी आहे का, आणि संस्था बंद पडली तर पोथ्या कुणाकडे जाव्यात. हा शेवटचा मुद्दा लोकांना अशुभ वाटतो. लिहाच. मठाची किंवा देवस्थानाची पोथी असेल तर विश्वस्तांचा लेखी ठराव घ्या, एकट्या पुजाऱ्याच्या शब्दावर काही उचलू नका.

कायदाही थोडा माहीत हवा. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या आणि वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाच्या हस्तलिखिताला पुरावस्तू मानतो. घरी ठेवायला, वाचायला, संस्थेला द्यायला आडकाठी नाही. पण अशी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, तिचा धंदा करायला परवाना लागतो, आणि चित्रं असलेल्या हस्तलिखितांची नोंदणी करावी लागते. अमेरिकेतला मुलगा "मी घेऊन जातो, इथल्या विद्यापीठाला देतो" म्हणाला तर त्याला हे सांगा. छायाप्रत खुशाल न्यावी.

विकत घ्यावी का? माझं मत: छोट्या संस्थेने नाही. व्यापाऱ्याकडे आलेली पोथी कुठल्या देवळातून उचलली गेली हे कळायला मार्ग नसतो, आणि तुम्ही पैसे देता हे कळलं की पुढच्या वर्षी पानं सुटी करून विकणारे दारात उभे राहतात. घराला मानधन द्यायचंच असेल तर ते घरालाच द्या, ठरावाने, पावती घेऊन.

सहावी पायरी: थेट कपाटात नाही

नवी आलेली पोथी जुन्यांच्या शेजारी ठेवली की तिच्यातली कसर आणि वाळवी जुन्यांत शिरते. वेगळी खोली नसेल तर वेगळी पेटी चालेल, पण महिनाभर वेगळं ठेवा. बासनाखाली पांढरा कागद पसरा आणि आठवड्याने बघा. ताजा भुसा पडलेला दिसला तर आत जिवंत कीड आहे, मग संवर्धनाच्या जाणकाराला विचारल्याशिवाय कुठलंही औषध मारू नका. ओल असेल तर सावलीत, वाऱ्यावर. उन्हात अजिबात नको. मऊ ब्रशने आतून बाहेर धूळ काढायची, तीही एकेका पानाची, घाई न करता.

पानं चिकटलेली असतील तर सुरी घालू नका. काजळीची शाई पाण्याने विरघळते, त्यामुळे ओल्या फडक्याचा प्रश्नच येत नाही. चिकटपट्टी, फेविकॉल, लॅमिनेशन ही तीन नावं दालनाच्या दारावर लाल अक्षरांत लिहून त्यांवर काट मारून ठेवा. एका संस्थेत मी अख्खं बाड लॅमिनेट केलेलं पाहिलं. मोठ्या अभिमानाने दाखवलं. आत कागद पिवळा पडून वाळत होता आणि आता तो बाहेर काढणं कुणाच्याच हाती नव्हतं.

सातवी पायरी: दाखल

बांधीव रजिस्टर, पानांना आधीच क्रमांक दिलेलं. संगणकावर यादी ठेवाच, पण रजिस्टर हाताने लिहा. आलेल्या क्रमाने आकडा: सालाबरोबर. इथे भांडारकर संस्थेतल्या सरकारी संग्रहाची जुनी पद्धत मला फार आवडते. तिथल्या पोथीचा उल्लेख आजही "अमुक क्रमांक, १८७५-७६ चा" असा होतो. क्रमांक वाचताच कळतं की ही कुठल्या वर्षीच्या जमवाजमवीतली, म्हणजे कुठल्या फेरीतून आली. हकीकत क्रमांकातच बांधलेली.

रजिस्टरात क्रमांकासमोर घराचं नाव आणि गाव, देणाऱ्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत, बासनातली जागा, आणि ढिगाच्या फोटोचा क्रमांक. एका घरातून बारा पोथ्या आल्या तर बाराही एकत्र ठेवा. विषयवार लावायचा मोह होतो: वेदान्त इकडे, वैद्यक तिकडे. यादीत लावा, कपाटात नको.

शिक्का अक्षरांवर मारू नका, खरं तर कुठेच मारू नका. पहिल्या पानाच्या समासात मऊ पेन्सिलने क्रमांक पुरे. पण खूण हवीच. सतराव्या शतकात काशीला कवींद्राचार्य सरस्वती म्हणून संन्यासी होते, मूळचे गोदातीरचे. शाहजहानकडून त्यांनी यात्रेकरूंचा कर माफ करून घेतला. त्यांचा ग्रंथसंग्रह मोठा होता आणि त्यांच्या मागे तो पांगला. संग्रहाची एक जुनी यादी सापडली, ती १९२१ साली बडोद्याहून छापली गेली. आणि त्यांच्या पोथ्या आज वेगवेगळ्या ग्रंथालयांत ओळखता येतात त्या केवळ मुखपृष्ठावर त्यांच्या नावाची स्वामित्वखूण आहे म्हणून. यादी आणि खूण, या दोनच गोष्टींनी पांगलेला संग्रह कागदावर तरी पुन्हा जमला.

आठवी पायरी: सूची

प्रत्येक पोथीसाठी एक तक्ता: ग्रंथ, कर्ता, लेखक म्हणजे नक्कल करणारा, लिपी, भाषा, पत्रसंख्या, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, पानाला ओळी, ओळीला अक्षरं, पूर्ण की अपूर्ण, आरंभ, शेवट, पुष्पिका. पत्र म्हणजे दोन बाजू मिळून एक, आणि पोथीत पत्रांक बहुधा मागच्या बाजूला असतो. नवखे लोक तिथे एकाने चुकतात आणि पुढची सगळी मोजणी घसरते.

समासातल्या आद्याक्षरांवरून ग्रंथाचं नाव ठरवू नका, आतलं वाचा. "भा." म्हणजे भारत की भागवत? शिवलेली बाडं असतील तर त्यांत अभंग, आरत्या, औषधाचे पाठ, उधारीची टिपणं, कुणाच्या जन्माच्या वेळा, सगळं एकाखाली एक येतं. प्रत्येकाची वेगळी नोंद करा. औषधाचा पाठ शोधणाऱ्याला तो "संकीर्ण पदे" या नावाखाली कधीच सापडणार नाही.

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झालं तेव्हापासून देशभर एकसारखे नोंदतक्ते वापरले गेले, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् ही नवी मोहीम जाहीर झाली. आपला तक्ता त्यांच्या नमुन्याशी जुळता ठेवला तर पुढे पुन्हा सगळं लिहावं लागत नाही.

नववी पायरी: ठेवण

कापड सुती, रंग न जाणारं, आणि आधी धुतलेलं. नव्या मांजरपाटाला खळ असते आणि कसरीला खळ आवडते. दोन्ही बाजूंना पानापेक्षा बोटभर मोठ्या फळ्या, मग रुमाल, मग नाडी, घट्ट पण करकचून नाही. पोथी आडवीच ठेवायची. पुस्तकासारखी उभी केली की कडा दुमडतात. कपाट भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून वर. कोकणातल्या संस्थांनी पावसाळ्याची विशेष धास्ती घ्यावी. हवेतला दमटपणा थोडा जास्त असला तरी चालतो, पण दुपारी यंत्र लावून कोरडं आणि रात्री बंद करून दमट, हा रोजचा झोका पानांना मारतो.

वेखंडाच्या पुरचुंड्या आपल्या आज्या ठेवत त्या ठेवा, पण पानांना न भिडवता, कपाटाच्या कोपऱ्यात. डांबरगोळ्या नकोत, त्या तिथे बसून काम करणाऱ्यांना त्रास देतात.

आणि खंडेनवमी-दसऱ्याला पोथ्यांची पूजा होते तेव्हा हळदकुंकू रुमालावर वाहा, पानावर नाही. आमच्याकडे पहिल्या पानावर कुंकवाचे पाच-पाच थर बसलेल्या पोथ्या आहेत, ग्रंथाचं नाव नेमकं त्याखाली.

दहावी पायरी: छायाप्रत आणि परतफेड

स्कॅनरवर पोथी पालथी घालू नका. वरून फोटो घ्या: स्टँड, दोन्ही बाजूंनी मंद उजेड, शेजारी फूटपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. कोरी पानं, फळ्या, रुमाल यांचेही फोटो. फाइलच्या नावात दाखल क्रमांक, पत्रांक, बाजू. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

मग एक संच छापून, बांधून, त्या घरी स्वतः नेऊन द्या. खर्च होतो, पण हे टाळू नका. ज्या घराला आपली पोथी वाचता येत नव्हती त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्याकडे काय होतं. सोबत एक पान लिहून द्या: हा ग्रंथ कोणता, कुणी लिहिला, कधी. आमच्याकडे आलेल्या पोथ्यांपैकी बऱ्याच अशा संचाच्या मागोमाग आल्या. शेजारच्या काकूंनी तो संच पाहिला आणि म्हणाल्या, आमच्याकडेही पेटी आहे.

जुन्या लेखकांचा एक श्लोक पुष्पिकेनंतर पुन्हा पुन्हा भेटतो. पोथी स्वतः बोलते आहे:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. पहिल्या तिन्हींची सोय नवव्या पायरीत झाली. चौथ्यासाठी वाचकांचं रजिस्टर ठेवा, पोथी एका वेळी एकच द्या आणि वाचताना कुणीतरी समोर बसा.

दसऱ्यानंतर पाऊस गेला की वर्षातून एकदा सगळी बासनं सोडायची, पत्रं मोजायची, रजिस्टराशी ताडून पाहायची, सावलीत वारा द्यायचा, पुन्हा बांधायची. आम्ही दोघं-तिघं असतो, साधारण बारा दिवस लागतात. त्या अकरा निराधार पानांचं बासनही तेव्हा सोडतो. गेल्या वर्षी त्यांतलं एक पान मुकुंदराजांच्या विवेकसिंधूच्या एका प्रतीच्या अक्षराशी जुळतंय असं वाटलं, यंदा पुन्हा पाहायचं आहे.